मेरी लू विल्यम्स : बिदागीविना चाललेली शिकवणी

१९७७ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं ६७ वर्षांच्या एका पियानोवादक बाईंना निवासी कलावंत म्हणून नेमलं. हे विद्यापीठ नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं, म्हणजे दक्षिणेकडचं. १९६३ पर्यंत तिथे पदवीच्या वर्गात एकाही काळ्या मुलाला प्रवेश नव्हता. या बाई काळ्या होत्या. पदवी सोडाच, शाळाही त्यांनी अर्ध्यावर टाकली होती. जाझचा इतिहास शिकवायचा आणि विद्यार्थ्यांच्या जाझ वाद्यवृंदाकडे बघायचं, असं काम ठरलं. महिन्याच्या महिन्याला पगार, डोक्यावर विद्यापीठाचं छत. मेरी लू विल्यम्स तोपर्यंत पन्नासेक वर्षं वाजवत होती, चाळीसेक वर्षं लिहीत होती. आणि शिकवणं म्हणाल, तर तेही १९४० च्या दशकापासून चालू होतं, फक्त त्याची नोंद कुठल्या हजेरीपटावर नव्हती.

पियानोवादक, संगीतरचनाकार, शिक्षक अशा तीन बिरुदांत तिची ओळख करून देतात. तिन्ही खरी आहेत. पण तिच्या आयुष्याचा जमाखर्च मांडायला बसलं की गंमत दिसते. जिथे पैसे मिळाले तिथे नाव मिळालं नाही, जिथे नाव मिळालं तिथे घरातले पैसे गेले, आणि जे काम सगळ्यात दूर पोचलं त्याचं ना बिल होतं ना पावती. हे प्रकरण मला अभ्यासावंसं वाटतं ते त्या तिसऱ्या खात्यासाठी.

मेरी लूचा जन्म ८ मे १९१० चा, जॉर्जिया राज्यातल्या अटलांटाचा. मूळ नाव मेरी एल्फ्रिडा स्क्रग्ज. चार-पाच वर्षांची असताना कुटुंब उत्तरेला पिट्सबर्गला आलं. आई पायानं भाता हलवायचा ऑर्गन वाजवायची. आपल्या संगीत नाटकांच्या पिटात असायचा त्याच जातीचा. तीनेक वर्षांची मेरी तिच्या मांडीवर बसलेली असताना आईनं वाजवलेली ओळ तिनं जशीच्या तशी वाजवून दाखवली, आणि आई दचकली. पुढे आईनं जे केलं ते मात्र फार कमी आया करतील. तिनं मुलीला शिकवणी लावली नाही. स्वतः नोटेशन शिकल्यावर आपल्या हातातलं उपज गेलं, कागदाशिवाय वाजवता येईनासं झालं, असा तिचा अनुभव होता. मुलीचं तसं होऊ नये म्हणून तिनं शिक्षकाऐवजी वाजवणारे लोक घरी बोलवायला सुरुवात केली. ते वाजवायचे आणि पोर ऐकायची. घर म्हणजे शाळा हे मेरी लूला कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही, ती तशाच घरात वाढली.

सावत्र वडील फ्लेचर बर्ली यांना ब्लूजचा, म्हणजे काळ्या लोकांच्या सुखदुःखाच्या गाण्यांचा, आणि जुगाराचा सारखाच शौक. त्यांनी आपोआप वाजणारा पियानो घरात आणला. भोकं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळ्या त्यात फिरत आणि पट्ट्या आपसूक खाली जात. पोर गुंडाळी हळू फिरवायची आणि खाली जाणाऱ्या पट्ट्यांवर बोटं ठेवायची. जेम्स पी. जॉन्सनसारख्या बड्या वादकाची तालीम तिला अशी मिळाली. वडील कधीकधी तिला मोठ्या कोटाआड लपवून जुगाराच्या अड्ड्यावर नेत. ती वाजवे, मग वडील टोपीत स्वतःचा एक डॉलर टाकून टोपी फिरवत. टोपी भरली की घरी येताना आपला डॉलर तेवढा परत मागून घेत. तिची ही पहिली बिदागी, आणि बहुधा सगळ्यात चोख हिशोबाचीही.

पिट्सबर्गच्या एका नाट्यगृहात तिनं लव्ही ऑस्टिन नावाच्या बाईंना पाहिलं. ओठात सिगारेट, पायावर पाय. डावा हात पियानोवर चाललेला आणि उजव्या हातानं पुढच्या गाण्याची नोटेशन लिहिणं चालू. मेरी लूनं मनाशी ठरवलं की हे आपल्याला जमलं पाहिजे. बाई पियानो वाजवू शकते हे तिला ठाऊक होतंच, बाई बँडचा कागद लिहू शकते हे तिनं त्या दिवशी पाहिलं.

पंधराच्या आतबाहेर असताना ती वॉदव्हिलच्या फडाबरोबर निघाली. वॉदव्हिल म्हणजे नाच, गाणी, नकला, सगळं एकाच खेळात. तमाशाच्या फडाचीच ती भावकी. तिथे जॉन विल्यम्स हा सॅक्सोफोनवादक भेटला, त्याच्याशी लग्न झालं. जॉन पुढे अँडी कर्कच्या बँडमध्ये गेला आणि मेरी लू बँडवाल्याची बायको झाली. कर्ककडे पियानिस्ट होता. ही नाचघराबाहेर मोटारीत थांबायची. रात्र चढली की तिला आत बोलवायचे, ती दोन-चार चिजा तडाख्यानं वाजवायची आणि पुन्हा बाहेर. मधल्या काळात ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात तिनं अंत्यविधी करणाऱ्याच्या गाडीतून प्रेतं पोचवायचंही काम केलं. १९२९ मध्ये ध्वनिमुद्रणाच्या वेळी नेहमीचा पियानिस्ट आलाच नाही, म्हणून तिला बसवलं. कंपनीच्या माणसाला ती इतकी आवडली की पुढल्या खेपेला ‘ती बाई कुठाय?’ झालं. १९३० मध्ये शिकागोत तिनं एकटीनं एका तबकडीच्या दोन्ही बाजू भरतील एवढं वाजवलं, नावापुढे ‘लू’ लागलं ते तिथेच. त्या मुद्रणांवरची रॉयल्टी हे तिच्या आयुष्यातलं न सुटलेलं गणित.

नोटेशन तिला येत नव्हतं. कल्पना ती वाजवून दाखवायची आणि कर्क लिहून घ्यायचा. पण कर्कचा हात तिच्या डोक्याइतका वेगानं चालेना, तेव्हा वैतागून ती स्वतः लिहायला शिकली. थोड्याच वर्षांत बँडचा आवाज म्हणजे तिचे कागद, असं झालं. तिची ‘वॉकिन अँड स्विंगिन’ ही रचना १९३६ ची. ती लक्षात ठेवा, शेवटी परत लागेल. बेनी गुडमन या बड्या बँडप्रमुखासाठी १९३७ मध्ये तिनं ‘रोल एम’ लिहिलं. बुगी-वुगी म्हणजे डाव्या हाताची एकसुरी घोडदौड. ती चौदा-पंधरा माणसांच्या बँडवर कशी बसवायची हे त्यात ऐकायला मिळतं. गुडमनला ती पूर्ण वेळ हवी होती, तिनं नकार दिला. टॉमी डॉर्सी, अर्ल हाइन्स, जिमी लन्सफर्ड या बँडप्रमुखांकडेही तिचे कागद गेले.

बँडमधल्या कुठल्या वाद्यानं काय वाजवायचं हे लिहून देणारा तो अरेंजर, मराठी वाचकाला हे फार सांगायची गरज पडू नये. मुंबईच्या चित्रपट स्टुडिओंत सेबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांना जो अंगरखा शिवला, किंवा सी. रामचंद्रांच्या गाण्यात चिक चॉकलेटच्या ट्रम्पेटनं जी झिंग आणली, ती सगळी या जातीची कामं. गोव्याच्या चर्चशाळांत सूर-ताल गिरवून मुंबईला आलेली ही मंडळी. पडद्यावर संगीतकाराचं नाव मोठ्या अक्षरात, यांचं असलं तर बारीक. अमेरिकेतल्या बँडचंही तसंच होतं. तबकडीवर नाव बँडप्रमुखाचं. लोक नाचत ते मेरी लूच्या कागदावर, टाळ्या घ्यायला उठायचा तो दुसराच.

त्या काळातली एक रात्र मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कॅन्सस सिटी हे कर्कच्या बँडचं ठाणं. टॉम पेंडरगास्ट नावाच्या राजकीय दादाच्या कृपेनं तिथले दारूचे अड्डे पहाटेपर्यंत उघडे असत आणि वादक एकमेकांना आव्हान देत तासन्‌तास वाजवत. १९३३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कहून कोलमन हॉकिन्स आला, टेनर सॅक्सोफोनचा तेव्हाचा अनभिषिक्त राजा. चेरी ब्लॉसम या क्लबात त्याला गावातल्या पोरांनी घेरलं. पहाटे चारच्या सुमाराला मेरी लूच्या खिडकीवर टकटक झाली. बाहेर सॅक्सोफोनवादक बेन वेब्स्टर. हॉकिन्स सदरा काढून अजून फुंकतोय, पण साथीचे सगळे पियानिस्ट थकून गेलेत, चल लवकर, असा निरोप. हा प्रसंग तिनंच १९५४ मध्ये ‘मेलडी मेकर’ या इंग्लिश साप्ताहिकात सांगितला आहे. पियानिस्ट संपले की उठवायची ती ही. गावात तिचा मान काय होता हे त्या टकटकीवरून कळतं. त्याच कॅन्सस सिटीत १९३० च्या दशकाच्या मध्यावर एक किशोरवयीन पियानिस्ट एका धर्मोपदेशक बाईच्या ताफ्याबरोबर येऊन गेला होता. मेरी लूनं त्याला तेव्हाच ऐकलं. नाव थेलोनियस मंक, पुढे जाझचा मोठा रचनाकार झाला तो.

१९४२ मध्ये तिनं कर्कला रामराम केला. जॉनशी संबंध आधीच संपला होता. हॅरल्ड बेकर या ट्रम्पेटवादकाशी दुसरं लग्न झालं, तो ड्यूक एलिंग्टन या नामांकित रचनाकाराच्या बँडमध्ये, म्हणून काही महिने तीही त्या बँडबरोबर फिरली, लिहून देत राहिली. ते लग्नही फार टिकलं नाही. १९४३ पासून ती न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटीत वाजवायला लागली. मालक बार्नी जोसेफसन. गोऱ्या-काळ्यांना एकाच दालनात बसवणारा तो शहरातला पहिला नाइटक्लब. नियमित काम, रेडिओवर साप्ताहिक कार्यक्रम. कारकीर्द म्हणतात ती इथे स्थिरावली असं कुणालाही वाटेल.

इथेच तिनं स्वतःच्या नावानं मोठं काही लिहायला घेतलं. ‘झोडिअॅक स्वीट’, बारा राशींचे बारा भाग. सुरुवात वृषभेपासून, कारण ती तिची स्वतःची. (आपल्याकडे रास चंद्रावरून धरतात, तिची सूर्यावरची, ज्योतिषाच्या जाणकारांनी तिथे अडू नये.) रेडिओच्या कार्यक्रमात ती दर आठवड्याला एकेक रास सादर करत गेली, काही तर आयत्या वेळी पियानोवरच घडल्या. प्रत्येक रास तिनं त्या राशीत जन्मलेल्या ओळखीच्या माणसांना वाहिली. मेष बेन वेब्स्टर आणि गायिका बिली हॉलिडेला, तूळ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीला आणि आर्ट टेटम, बड पॉवेल, मंक या पियानिस्टांना. मला या रचनेत सगळ्यात जास्त हेच भावतं. ग्रह-ताऱ्यांचं नुसतं निमित्त, आतमध्ये दोस्तांची नावं. तूळ ऐकताना नुसतं ताऱ्यांचं काही आठवत नाही, ओळखीच्या खोलीतला माणूस खिडकीशी उभा आहे असं वाटतं.

१९४५ च्या ३१ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये तिनं हे बारा भाग छोट्या वाद्यवृंदासह सादर केले. व्हायोलिनं, बासरी, जाझचे वादक, सगळे एका रंगमंचावर. तालमी पुरेशा झाल्या नव्हत्या आणि ते ऐकू येतं. शास्त्रीय वादक कागद बघून जातात, जाझवाले कान लावून, आणि काही जागी दोघांची गाठच पडत नाही. ती स्वतः दोन्ही गटांना सांधत पियानोवर धावपळ करते आहे. पुढल्या वर्षी कार्नेगी हॉलमध्ये यातले तीन भाग मोठ्या सिंफनी वाद्यवृंदाबरोबर झाले. टाउन हॉलच्या मैफिलीचं मुद्रण तिच्या हातून गेलं आणि तिच्या हयातीत बाजारात आलंच नाही. या उद्योगात तिनं श्रम घातले, पदरचे पैसे घातले. मिळाली ती दमणूक. जाझच्या माणसानं लांब पल्ल्याचं लिहिलं की त्याला ‘चांगला प्रयत्न’ म्हणून मोकळं व्हायचं, अशी तेव्हाच्या समीक्षकांची रीत होती. एलिंग्टनसुद्धा त्या रीतीतून सुटला नव्हता.

आता त्या तिसऱ्या खात्याकडे येऊ.

हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीत शुगर हिल नावाचा उंचवट्यावरचा भाग आहे. तिथे ६३, हॅमिल्टन टेरेस या इमारतीत मेरी लूचं घर. कॅफे सोसायटीतलं काम आटोपून ती पहाटे घरी यायची आणि मागोमाग वादक मंडळी. डिझी, मंक, बड पॉवेल, रचनाकार टॅड डॅमरन, गायिका सारा व्हॉन. कुणी जमिनीवर अंथरलेल्या गालिच्यावर बसलंय, कुणी पियानोवर, कुणी नुकतं लिहिलेलं दाखवतंय. डॅमरनला सुचेनासं झालं की तो तिच्याकडे येऊन लिहायचा. मंकच्या काही रचना त्याच पियानोवर घडल्या. बडचा धाकटा भाऊ रिची उपज करायला शिकला तो या घरात, असं तिनंच लिहून ठेवलंय.

हे समजायला काळाचा संदर्भ हवा. बीबॉप म्हणजे या पोरांनी आणलेलं नवं वळण: अतिवेगाचं, स्वरसंगतीच्या आडवाटांनी जाणारं, नाचायला नकार देणारं. त्याआधीच्या स्विंगच्या, म्हणजे मोठ्या बँडवरच्या नाचायच्या जाझच्या, पिढीतल्या बऱ्याच जणांना ते सहन होईना. कॅब कॅलोवे या बँडप्रमुखानं त्याला चिनी संगीत म्हणून हिणवलं होतं. मेरी लू त्याच स्विंगच्या पिढीची. लोकांना माहीत असलेलं जुनं वाजवत राहिली असती तर पोट आरामात भरलं असतं. पण तिनं घर उघडं ठेवलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती स्वतःही बदलली. तिच्या १९४० च्या शेवटाकडच्या पियानोत मंकच्या जागा दिसतात आणि मंकच्या हातात तिच्या. गिलेस्पीच्या मोठ्या बँडसाठी तिनं मिल्ट ओरेंटबरोबर १९४९ मध्ये ‘इन द लँड ऑफ ऊ-ब्ला-डी’ लिहिलं, बीबॉपच्या पोरखेळ भाषेतली ती परीकथाच. हर्बी निकल्स नावाच्या पियानिस्टकडे कुणी बघत नव्हतं, तेव्हा १९५१ मध्ये त्याच्या रचना तबकडीवर प्रथम आणल्या त्याही हिनं.

शिकवायची पद्धत म्हणाल तर पद्धत अशी नव्हतीच. फळा नाही, वही नाही, फी तर नाहीच. आपल्याकडे गुरूच्या घरी राहून, चहा करत, तंबोरा जुळवत जी विद्या कानात झिरपते, तशातला तो प्रकार. फरक एवढाच की इथे गंडा नव्हता आणि घराणंही नव्हतं. बड पॉवेलसारख्या आजारी, बिथरलेल्या माणसाला ती सांभाळून घेई, समजावी, पियानोसमोर बसवी. यातल्या बऱ्याच जणांना हेरॉइननं गिळायला सुरुवात केली होती. तिनं ते स्वतःच्या दिवाणखान्यात पाहिलं.

१९५२ मध्ये ती इंग्लंडला गेली, थोड्या दिवसांच्या करारावर. राहिली दोन वर्षं. काम मिळत होतं, बुकिंगवाल्यांशी कटकटी होत होत्या, पैसे येत आणि जात होते. १९५४ मध्ये पॅरिसच्या एका क्लबात वाजवता वाजवता ती उठली आणि निघून गेली. पुढची जवळजवळ तीन वर्षं तिनं व्यासपीठावर पाऊल ठेवलं नाही.

या उठून जाण्याची रंगतदार वर्णनं पुष्कळ झाली आहेत, साक्षात्कार वगैरे. माझं मत विचाराल तर तो हिशोबाचा क्षण होता. पंचवीस वर्षं रात्रीचं वाजवून हाती काय, मित्र एकेक करून संपतायत, आणि पुन्हा उद्या रात्री तेच. न्यूयॉर्कला परतल्यावर ती हार्लेममधल्या चर्चमध्ये तासन्‌तास प्रार्थना करत बसायची. प्रार्थनेच्या यादीत शेकड्यांनी नावं असत. घरातल्या दोन खोल्यांत व्यसनातून सुटू पाहणाऱ्या वादकांना ठेवून घ्यायची, खाऊ घालायची. त्यासाठी तिनं पुढे बेल कॅन्टो फाउंडेशन काढलं, जुन्या कपड्यांचं दुकान मांडलं, वादकांकडून आलेले कोट-बूट तिथे विकले. पैसा उभा राहिला त्याहून जास्त गेला. १९५७ च्या मे महिन्यात तिनं आणि डिझीची पत्नी लॉरेन या दोघींनी कॅथलिक बाप्तिस्मा घेतला. फादर जॉन क्रॉली आणि फादर अँथनी वुड्स या धर्मगुरूंनी तिला समजावलं की तुझं वाजवणं हीच प्रार्थना समज. डिझी मागे लागलेला होताच. त्याच वर्षी जुलैत न्यूपोर्टच्या जाझ महोत्सवात त्याच्या बँडबरोबर तिनं राशींचे काही भाग वाजवले आणि परतली.

परतल्यावर ती जे लिहायला लागली ते वेगळंच होतं. पेरूमधले संत मार्टिन दे पोरेस हे मिश्रवंशीय. १९६२ च्या मे महिन्यात त्यांना संतपद मिळालं. त्यांच्यावर फादर वुड्स यांच्या शब्दांना तिनं समूहगानाची चाल दिली. ‘ब्लॅक क्राइस्ट ऑफ द अँडीज’ नावानं ओळखली जाते ती हीच. बहुतांश भाग नुसत्या कंठांचा. जाझच्या स्वरसंगती, पण दाट, एकमेकींत मिसळणाऱ्या, आणि पियानो मध्येच येऊन थोडा लॅटिन ठेका धरून निघून जातो. पियानिस्टनं स्वतःच्या रचनेत पियानोला इतकं कमी बोलू द्यावं याला धीर लागतो. मोठ्या कंपन्यांच्या दारात उभं राहण्याऐवजी तिनं स्वतःचीच मेरी रेकॉर्ड्स ही कंपनी काढून ते छापलं.

त्या वर्षांत व्हॅटिकनची दुसरी परिषद चालू होती. लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत उपासना, लोकांच्या चालीरीतींना वाट, हे तिथे ठरलं. वसईकडची मंडळी मराठीतून मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, ऐकतात, मराठी भक्तिगीतं गातात, त्यामागे तोच निर्णय आहे. मेरी लूच्या दृष्टीनं मात्र हार्लेमची चाल म्हणजे ब्लूज. तिचा प्रश्न साधा होता. ज्या लोकांनी दुःख सोसून हे संगीत उभं केलं, त्यांच्या मिस्सेत ते का नसावं?

पहिली मिस्सा घडली ती वर्गात. पिट्सबर्गचे बिशप जॉन राइट यांच्या पाठिंब्यानं १९६७ मध्ये तिला तिथल्या सेटन या मुलींच्या कॅथलिक शाळेत संगीत शिकवायचं काम मिळालं. संगीतशास्त्राच्या धड्यांना मुली कंटाळलेल्या. तेव्हा धडे बाजूला ठेवून तिनं वर्गातच लिहायला आणि लगेच मुलींकडून गाऊन घ्यायला सुरुवात केली. आज एक तुकडा, उद्या दुसरा. त्या तुकड्यांची मिस्सा जुलै १९६७ मध्ये पिट्सबर्गच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये गायली गेली. पोरी गाणार म्हणून चाली त्यांच्या गळ्याला झेपतील अशा. रचनाकार आणि शिक्षक ही बिरुदं वेगळी लावण्यात अर्थ नाही असं मला वाटतं, ते या वर्गामुळे. एका हातानं वाजवत दुसऱ्या हातानं लिहिणारी लव्ही ऑस्टिन इथे खऱ्या अर्थानं पुरी झाली.

पुढे दुसरी मिस्सा झाली. तिसरी व्हॅटिकनच्या न्याय आणि शांतीच्या आयोगाच्या सांगण्यावरून. तिच्यावर नृत्यदिग्दर्शक आल्विन एलीनं १९७१ मध्ये ‘मेरी लूज मास’ हे नृत्य बसवलं, आणि १९७५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये ती प्रत्यक्ष उपासनेत झाली. त्या वास्तूत मिस्सेला जाझ वाजण्याची ती पहिली वेळ. पीटर ओब्रायन हा जेझुइट या कॅथलिक संघाचा तरुण धर्मगुरू आता तिचा व्यवस्थापक होता. बाराही महिने पदराला खार लावून चाललेल्या बाईचा हिशोब कुणीतरी पहिल्यांदाच नीट ठेवू लागलं होतं.

ड्यूकला जाण्याआधी त्याच वर्षी एप्रिलमध्ये एक मैफल झाली, आणि शिक्षक म्हणून तिची बाजू पडती दिसते ती तिथे. कार्नेगी हॉलमध्ये तिनं सेसिल टेलरबरोबर दोन पियानोंची मैफल ठरवली. टेलर हा मुक्त जाझचा अध्वर्यू. तालाची चौकट नाही, स्वरसंगतीचा पाया नाही, नुसता वादळी प्रपात. तो तिचा चाहता होता. ती त्याच्या हातात जाझचा इतिहास ठेवू पाहत होती: आधी रॅगटाइम हा जाझच्या आधीचा पियानोचा ढंग, मग स्विंग, मग पुढचं. टेलर आपल्याच मार्गानं गेला. दोघं एकाच रंगमंचावर दोन वेगळ्या मैफिली वाजवत राहिले. ज्या बाईनं १९४५ मध्ये विशी-पंचविशीतल्या पोरांचं नवं वेड घरात घेतलं, तिला १९७७ मध्ये पुढचं वेड धड्यात बसवावंसं वाटलं. डेव्हिड स्टोन मार्टिन या चित्रकारानं तिच्यासाठी जाझचं झाड काढलं होतं. मुळाशी सोसणं, मग आध्यात्मिक गाणी, रॅगटाइम, कॅन्सस सिटी स्विंग, बॉप, खोडाभोवती ब्लूज. एका बाजूला वठलेल्या फांद्या. त्यात व्यापारी रॉक आणि मुक्त जाझ. मला हा न्याय पटत नाही. १९७४ च्या तिच्याच ‘झोनिंग’ या तबकडीत झीटा कार्नोबरोबर दोन पियानोंवर वाजवलेलं जे आहे ते त्या वठलेल्या फांदीपासून फारसं लांब नाही. हात जिथे जाऊ शकत होते तिथे मन जायला तयार नव्हतं.

तरी ड्यूकच्या वर्गात त्या झाडाचा उपयोग झाला. वर्गातली बहुतेक मुलं वाद्याला हात न लावलेली. ती पियानोवर बसून युगामागून युग वाजवून दाखवायची, ओब्रायन बोलायचे, आणि मुलांकडून ती गाऊन घ्यायची. नोट्स उतरवून परीक्षेला बसणाऱ्या पोरांना ब्लूजची ओळ तोंडानं म्हणायला लावणं म्हणजे तिच्या आईचाच जुना हट्ट, आधी कान, मग कागद. १९७८ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या व्हाइट हाउसच्या हिरवळीवर ती वाजवून आली आणि पुन्हा वर्गात. कर्करोगाचं निदान झाल्यावरही ती लिहीत राहिली. वाद्यवृंदासाठी जाझचा इतिहास हे शेवटचं काम अपुरं राहिलं. २८ मे १९८१ ला डरहॅम गावी ती गेली. पिट्सबर्गला पुरली.

शिल्लक म्हणून तिनं काय केलं? जाण्याच्या आदल्या वर्षी तिनं एक प्रतिष्ठान स्थापन केलं आणि आपल्या मिळकतीची सोय त्यात लावली. उद्देश एकच, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना जाझ शिकवायचं. म्हणजे पुन्हा तेच खातं. तिचे कागद आणि पत्रं न्यूअर्कला रटगर्स विद्यापीठाच्या जाझ संस्थेत आहेत.

आणि १९३६ ची ती ‘वॉकिन अँड स्विंगिन’. तिच्या मधल्या एका फेरीत वाद्यांना दिलेली एक छोटी, उड्या मारत जाणारी ओळ आहे. मंकच्या ‘रिदम-ए-निंग’ या रचनेत तीच ओळ मुखडा होऊन बसली आहे. जगभरातल्या जाझ शाळांत मुलं ती पहिल्या-दुसऱ्या वर्षी घोकतात. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात रचनाकार म्हणून नाव छापलेलं असतं मंकचं.